शब्दचर्चा : ‘टेहळणी’, ‘हेरगिरी’ आणि पहिली ड्रोन

प्रश्न : व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकेच्या ‘लाइटनिंग बग’ विमानांवर मराठीत लेख लिहिते आहे. मी ‘टेहळणी ड्रोन’ लिहिलंय, एक मित्र ‘हेर विमान’ म्हणतो आणि संपादकांना ‘मानवरहित विमान’ हवंय. बरोबर काय? शिवाय तो ड्रोन की ते ड्रोन?

उत्तर : माझं मत स्पष्ट आहे : ‘वैमानिकरहित टेहळणी विमान’ असं लिहा. एकदा तसं सांगून झालं की पुढे खुशाल ‘ड्रोन’ म्हणा.

‘ड्रोन’ला मुळात टेहळणीचा अर्थच नव्हता. १९३५ मध्ये ब्रिटिशांनी टायगर मॉथ विमानावरून रेडिओने चालणारं ‘क्वीन बी’ तयार केलं, ते तोफचींना नेमबाजीचा सराव मिळावा म्हणून. अमेरिकी नौदलाचे अ‍ॅडमिरल स्टँडली यांनी त्याचं प्रात्यक्षिक पाहिलं आणि मायदेशी तसंच काही करण्याचं काम नौदल अधिकारी डेल्मर फाहर्नी यांच्याकडे आलं. तिथे हा शब्द रुजला. तिकडे राणी माशी (क्वीन बी), म्हणून इकडे नर माशी (ड्रोन). म्हणजे त्या काळचं ड्रोन हे गोळ्या झेलणारं होतं, पाहणारं नव्हे. रायन कंपनीचं ‘फायरबी’ही १९५१ मध्ये उडालं ते निशाणा म्हणूनच.

त्याला डोळे बसवायची घाई झाली १ मे १९६० नंतर. सोव्हिएत हद्दीत अमेरिकेचं यू-२ हे टेहळणी विमान पडलं आणि त्याचे वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत हाती लागले. पुढे ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबावर दुसरं यू-२ पडलं, त्यात मेजर रुडॉल्फ अँडरसन गेले. वैमानिक पकडला जाणं किंवा मरणं ही किंमत फार होती. त्यातून फायरबीचं लाइटनिंग बग झालं आणि ऑगस्ट १९६४ पासून ते दक्षिण चीन आणि व्हिएतनामवर जाऊ लागलं. १९७५ पर्यंत अशी तीन हजारांहून अधिक उड्डाणं झाली.

आता संपादकांच्या ‘मानवरहित’बद्दल. आत माणूस नव्हता हे खरं, पण मागे केवढी माणसं राबत होती! डीसी-१३० विमानाच्या पंखाखालून ते सोडायचं. कुठे वळायचं, किती उंचीवर राहायचं, हे बहुतेक आधीच ठरवून दिलेलं. परतल्यावर पॅराशूट उघडायचं आणि हेलिकॉप्टरने ते अधांतरीच पकडायचं. मग फिल्म धुवायची, तेव्हा कुठे फोटो दिसणार. नुसतं ‘ड्रोन’ वाचलं की आजच्या वाचकाला पडद्यावर थेट चित्र बघणारा माणूस दिसतो. तसं तेव्हा नव्हतं, हे लेखात आवर्जून यायला हवं.

पुरवणी : ‘हेर विमान’ चुकीचं नाही, पण ते कोणाच्या तोंडी आहे ते बघावं. नोव्हेंबर १९६४ मध्ये चीनने असं एक विमान पाडलं. चीनच्या बाजूने लिहाल तर ती हेरगिरीच, सोडणाऱ्यांसाठी टेहळणी. लेखकाने स्वतःच्या निवेदनात टेहळणीच ठेवावी.

आपल्याकडेही क्रम तोच आहे. बंगळुरूच्या एडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने आधी ‘लक्ष्य’ केलं, सरावाचा निशाणा म्हणून. टेहळणीचं ‘निशांत’ त्यानंतर आलं. निशांत म्हणजे रात्रीचा शेवट, पहाट. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

शंका : पण सगळी उड्डाणं फोटोंसाठी नव्हती ना? फेब्रुवारी १९६६ मध्ये एक लाइटनिंग बग मुद्दाम एसए-२ या सोव्हिएत विमानविरोधी क्षेपणास्त्राच्या तोंडी दिलं होतं. नष्ट होण्याआधी त्याने क्षेपणास्त्राच्या स्फोटयंत्रणेचे संकेत टिपून दूरच्या विमानाकडे पाठवले. ही टेहळणी कशी?

उत्तर : शंका रास्त आहे. टेहळणीत नजर आहे, बुरुजावरून बघणं आहे. इथे यंत्र ऐकत होतं. त्याला आपल्याकडे ‘कानोसा घेणे’ इतका नेमका शब्द असताना ‘इलेक्ट्रॉनिक गुप्तवार्ता संकलन’ कशाला? ‘संकेतांचा कानोसा’ म्हणा, कोणालाही कळेल.

लिंगाचं राहिलं. दोन्ही रूपं चालतात. पुल्लिंगी धरलं तर एक ड्रोन पाडला, तीन ड्रोन पाडले. नपुंसकलिंगी धरलं तर एक ड्रोन पाडले, तीन ड्रोन पाडली. घोळ होतो तो ‘ड्रोन पाडले’ अशा मथळ्यात : एक पाडलं की अनेक, ते समजत नाही. ‘विमान’शी जुळतं म्हणून मी ‘ते ड्रोन’ लिहितो, आणि एकासाठी ‘पाडलं’ असं बोलीतलं रूप वापरतो. तुमच्या संपादकांना प्रमाणरूपच हवं असेल तर आकडा जोडा : ‘एक ड्रोन पाडले’.