‘केबल सोडा, प्लेक्स टाका’ म्हणणाऱ्यांसाठी

वातायन (धागाकर्ता)

‘केबल बंद केली, प्लेक्स टाकलं, आता सगळं आपल्या ताब्यात. कोडी जुनाट, जेलीफिन हौशी लोकांचं खेळणं.’ ही पोस्ट इथे आली आणि खाली वाहवा सुरू झाली. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा. नवख्यांसाठी: ही तिन्ही आपल्या डिस्कवरचे व्हिडिओ टीव्हीवर बघायची सॉफ्टवेअरं. प्लेक्स आणि जेलीफिन घरच्या मशीनचा सर्व्हर करून बाकीच्या पडद्यांना व्हिडिओ पाठवतात, कोडी आहे त्याच मशीनवर चालवतं.

ताबा नेमका कुणाचा? मशीन आपलं, हार्डडिस्क आपली, वीजबिल आपलं. किल्ली मात्र प्लेक्स कंपनीकडच्या खात्याची. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या खात्यांची माहिती बाहेर गेली, त्यात हॅश केलेले (सांकेतिक रूपात बदललेले) पासवर्डही होते, आणि सगळ्यांना पासवर्ड बदलावे लागले. एप्रिल २०२५ अखेरपासून घराबाहेरून स्वतःच्याच सर्व्हरवरचा व्हिडिओ बघायलाही पैसे. त्यांचा पास, म्हणजे सशुल्क सदस्यत्व, एकतर सर्व्हरच्या मालकाकडे हवा, नाहीतर बघणाऱ्याकडे. आयुष्यभराचा पास त्याच वेळी ११९.९९ डॉलरवरून २४९.९९ वर गेला. वर्गणीच भरायची तर केबल सोडली कशाला?

आणि जुनाट म्हणजे काय? प्लेक्स निघालं तेच २००८ च्या सुमारास एक्सबीएमसी या प्लेअरच्या कोडमधून, ज्या प्लेअरचं नाव २०१४ मध्ये कोडी झालं. कोडीला फोल्डर दाखवा, व्हिडिओ लागतो. खातं नाही, लॉगिन नाही. राउटर बंद पडला तरी डिस्कवरचं चालूच राहतं.

सोफ्यावरची

तुम्ही एकटे राहता का हो? मी घरात पाच जणांना टीव्ही लावून देते, म्हणून विचारतेय.

सासूबाईंच्या हातात कोडीचा रिमोट दिला होता. व्हिडिओ चालू असताना त्यांनी ‘मागे’चं बटण दाबलं. आता आवाज चालू, चित्र मेनूच्या मागे गेलेलं आणि समोर पर्यायांची रांग. त्यांनी सरळ टीव्ही बंद केला आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. प्लेक्सवर पोस्टर दिसतं, दाबलं की लागतं. फोनवर अर्धवट सोडलेलं टीव्हीवर तिथूनच पुढे सुरू होतं. याला मी ताबा म्हणते.

आणि घरातल्या घरात लॉगिनशिवाय बघता येत नाही हा समज पसरवू नका. सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये घरचे आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) लॉगिनशिवाय सोडायची सोय आहे. राहिले पैसे. इतक्या टीव्हींसाठी ॲप सांभाळणारी माणसं फुकट काम करतील ही अपेक्षा तरी का?

खडूपाटी

धागाकर्त्यांशी सहमत, फक्त उत्तर कोडी नाही, जेलीफिन. एम्बी या अशाच सर्व्हर सॉफ्टवेअरने २०१८ मध्ये आपला कोड सगळ्यांसाठी बंद केला, तेव्हा शेवटच्या खुल्या कोडमधून हे उभं राहिलं. हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला (टीव्हीला झेपेल अशा रूपात व्हिडिओ ग्राफिक्स चिपकडून बदलून घ्यायला) प्लेक्समध्ये पास लागतो, इथे नाही. बाहेरून बघायचं तर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतची खाजगी वाट) तुमचं तुम्ही लावा. एक संध्याकाळ जाते, पण मग कुणाचं ईमेल येऊन नियम बदलत नाहीत.

अवांतर: सबटायटलबद्दल कुणीच कसं बोलत नाही? वडिलांना कमी ऐकू येतं. सबटायटल नसेल तर त्यांच्यासाठी व्हिडिओ नाहीच. ब्लू-रेवरून आलेली सबटायटल चित्राच्या रूपात असतात. टीव्हीच्या ॲपला ती जमली नाहीत की सर्व्हर प्रत्येक फ्रेमवर ती छापत बसतो, म्हणजे सगळा व्हिडिओ नव्याने ट्रान्सकोड होतो. साधी फाइल, जी एरवी जशीच्या तशी चालते, ती सबटायटल लावल्याक्षणी अडखळते. आणि लोक इंटरनेटच्या वेगाला दोष देतात.

अर्धविराम

सबटायटलवर आलातच तर माझंही ऐका. चित्रवाली सोडा, एसआरटीचेही (साध्या मजकुराच्या सबटायटल फाइलचे) हाल आहेत. सेकंदाला २५ फ्रेमच्या आवृत्तीवर बेतलेली फाइल २३.९७६ च्या व्हिडिओला लावली की पहिलं वाक्य बरोबर बसतं आणि १०० मिनिटांच्या शेवटी सबटायटल चार मिनिटं पुढे पळालेलं असतं. खुनी कोण ते पडद्यावर कळायच्या आधी वाचायला मिळतं.

वातायन

व्हीएलसी प्लेअरमध्ये जी आणि एच दाबा, सबटायटल मागेपुढे होतं. दोन सेकंदांचं काम.

अर्धविराम

नाही होत! मी काय लिहिलंय ते वाचा तरी. जी-एचने सगळी फाइल सारखीच सरकते, एका दाबाला ५० मिलिसेकंद. इथे फरक दर मिनिटाला वाढतो. सुरुवात जुळवली तर शेवट बिघडतो, शेवट जुळवला तर सुरुवात. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट बदलून फाइल पुन्हा जतन करावी लागते. न वाचता सल्ले देणाऱ्यांमुळेच नवीन लोक कंटाळून परत केबल घेतात.

सोफ्यावरची

घ्या. मी हेच म्हणत होते. घरचे जेवायला बसलेत आणि मी लॅपटॉपवर फ्रेमरेट बदलतेय?

खडूपाटी

मग वडिलांनी काय करायचं, ओठ वाचायचे? तुमच्या घरात गरज नाही म्हणून तो फालतूपणा होत नाही.

सोफ्यावरची

फालतू म्हटलं नाही मी. शब्द तोंडात घालू नका.

पाणपट्टी

सगळे फाइलींवर भांडताय. ऑनलाइनचं काय? टीव्हीसाठी घरी जुळवलेल्या कॉम्प्युटरवर सशुल्क सेवा चालली तरी वाइडवाइन या नक्कलरोधक कुलपाची वरची पातळी बहुधा मिळत नाही, म्हणजे ४के विसरा. त्यासाठी त्यांनी मान्य केलेलं यंत्र आणि त्यांचंच ॲप. कोडी असो की जेलीफिन, तिथे ताबाबिबा काही नाही. मी एका दुकानातून पैसे मोजून मालिका ‘विकत’ घेतली होती, एक दिवस खात्यातून गायब. विचारलं तर म्हणे हक्क संपले. मला बघण्याचा परवाना विकला होता, मालिका नव्हे.

वातायन

ऑनलाइनबाबत मान्य, नाइलाजाने. तिथे कुठलंही सॉफ्टवेअर लावा, चावी समोरच्याचीच. म्हणूनच डिस्कवर जे आहे ते तरी कुणाच्या खात्याला बांधू नका, एवढाच माझा आग्रह. आणि सासूबाईंचं ‘मागे’ बटण कीमॅपच्या (कोणतं बटण काय करेल हे ठरवणाऱ्या) फाइलमध्ये बदलता येतं. ते मुळात असं नसावं, हेही मान्य.

सोफ्यावरची

फाइल लिहून बटण सरळ करावं लागतं, इथेच विषय संपतो.

पण बाहेरून बघायला पैसे ही गोष्ट मलाही खुपलीय, नाही म्हणत नाही. शनिवारी त्याच मशीनवर जेलीफिन टाकून बघते. प्लेक्स ३२४०० पोर्टवर, हे ८०९६ वर, एकमेकांच्या आड येणार नाहीत. फोल्डर तेच देईन, पण फक्त वाचायच्या परवानगीने, म्हणजे दोघांपैकी कुणी माझ्या फाइलींत लुडबुड करणार नाही. टीव्हीवरचं ॲप मात्र हलवणार नाही. खडूपाटी, चित्रवाल्या सबटायटलची एसआरटी करायला तुम्ही काय वापरता ते लिहा, त्याची गरज पडेल.

खडूपाटी

सबटायटल एडिटच. त्यात ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करायची सोय) आहे. इंग्रजीला चांगलं चालतं, पण तिरपी अक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला, तिथे चुकतं.