हिवाळ्यातल्या व्हेल-डॉल्फिन टूर बंद कराव्यात का?

भटकभवानी: थंडी सुरू झाली की बोटीतून व्हेल बघितल्याचे रील्स चालू. माझं मत सरळ आहे, निदान हिवाळ्यात तरी या टूर नकोत. हवाईला हंपबॅक व्हेल डिसेंबर ते एप्रिल येतात ते थेट अलास्काकडून, पिल्लं द्यायला. आई तिथे जवळजवळ काही खात नाही, अंगातल्या चरबीवर दिवस काढते आणि त्यावरच पिल्लाला पाजते. बाळंतिणीच्या खोलीत आपण इंजिन घरघरवत डोकावायचं? आणि वर तिने उडी मारून दाखवावी ही अपेक्षा!

खारावारा: बंद करा म्हणायला काय जातंय. मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्नियाच्या खाड्यांत १९व्या शतकात ग्रे व्हेलची कत्तल चालायची, पिल्लू वाचवायला मादी होड्या फोडायची म्हणून शिकारी तिला सैतान म्हणायचे. आज तिथेच सान इग्नासियोत माद्या पिल्लं घेऊन स्वतःहून होडीला येऊन टेकतात. त्या खाडीवर मिठाचा अवाढव्य प्रकल्प येणार होता तो २००० साली रद्द झाला. व्हेल बघायला माणसं येतात म्हणून गावाचं पोट भरतं, मग गाव व्हेलच्या बाजूने उभं राहतं. हे विसरू नका.

भटकभवानी: अहो, पण तिथे परवाना असलेल्याच होड्या, त्याही मोजक्या आणि नेमून दिलेल्या भागातच! ते उदाहरण माझ्याच बाजूचं झालं की.

लाटेवरचा: मी नॉर्वेत स्कियेरवॉयला गेलोय. तिथे हिवाळ्यात हेरिंग माशांच्या मागे ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, येतात, दिवस म्हणजे दुपारचा करडा उजेड तेवढाच. आमच्या स्किपरने लांबच इंजिन न्यूट्रलला टाकलं, आणि मग नुसता फुस्स फुस्स श्वासांचा आवाज, पाठीवरचे उंच काळे पर एकामागून एक. तेवढ्यात एक रबरी बोट सुसाट येऊन बरोब्बर कळपाच्या तोंडासमोर थांबली आणि लोक स्नॉर्कल लावून धपाधप पाण्यात. कळप बुडाला तो परत वर आलाच नाही. दोन्ही बोटी टूरच्याच होत्या, मग बंदी नक्की कशावर घालणार? बाजूने समांतर चाला, वाट अडवू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

निळाई: पाळतं कोण? स्पिनर डॉल्फिन रात्रभर शिकार करतात आणि दिवसा उथळ खाडीत झोपतात, नेमकी तीच वेळ टूरवाल्यांची. हवाईत शेवटी २०२१ मध्ये नियम करावा लागला, किनाऱ्यालगत त्यांच्या ५० यार्डांच्या आत जायचं नाही, सोबत पोहायचं नाही. लोक आपणहून थांबले असते तर सरकारला यार्ड मोजत बसावं लागलं असतं का?

खारावारा: म्हणजे नियम करता येतो! मग बंदी कशाला?

भटकभवानी: कारण भर समुद्रात यार्ड मोजायला कोण जाणार? आणि बघायचंच असेल तर दक्षिण आफ्रिकेतल्या हर्मनसला जा, तिथल्या हिवाळ्यात सदर्न राइट व्हेल किनाऱ्याच्या इतक्या जवळ येतात की कड्यावर बसून दिसतात, बोट लागतच नाही.

खारावारा: तिथे कडा आहे हो. ऑर्का बघायला कुठला कडा शोधू?

भटकभवानी: मग ऑर्का नका बघू. सगळं आपल्याला दिसलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?