स्कॅन झालं म्हणून मूळ कागद टाकू नका

कलादालनातल्या जुन्या प्रदर्शनांचे कागद स्कॅन करून मूळ प्रती काढून टाकाव्यात, अशी एक सूचना आली आहे; ती कृपया अमलात आणू नका. आधी प्रदर्शनागणिक वेगळी फाइल लावा: कलाकृतींची यादी, भिंतीवरची लेबलं, उसनवारीचे करार, मांडणीचे फोटो. सापडलेला क्रम मोडू नका. फोटो कुठल्या दालनाचा, हे बरेचदा त्यावरूनच कळतं. गंजलेल्या पिना काढा. वर्तमानपत्री कात्रणं आम्लयुक्त असतात, शेजारच्या कागदावर तपकिरी डाग पाडतात, म्हणून ती वेगळ्या आम्लरहित पाकिटात. जुन्या फॅक्सचा थर्मल (उष्णतेने अक्षरं उमटणारा) कागद मात्र सर्वांत आधी स्कॅन करा, त्यावरची अक्षरं उडतात. फोटोंना पीव्हीसी प्लास्टिकचं कव्हर नको, पॉलिएस्टरचं कव्हर घ्या. स्कॅन टिफ (TIFF) या फाइल-प्रकारात ठेवा, कागदासाठी ४०० डीपीआय (दर इंचाला ४०० ठिपके) पुरे. ३५ मिमी स्लाइडला (पारदर्शक फिल्मवरच्या छोट्या फोटोला) मात्र ४००० लागतात.