प्रीप्रिंट वाचावा की छापून आलेला निबंध? आणि विश्वास कशावर ठेवायचा?

प्रश्न

मी ३१ वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर ठरवलं, आता बातम्यांवर भागवायचं नाही, मूळ शोधनिबंधच वाचायचे. पूर्वी सारांशाखाली कुलूप असायचं. आता रेणवीय जीवशास्त्रातलं कितीतरी काम सरळ उघडतं, याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही.

सुरुवात केली मानवी जीनोमच्या, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएच्या, संपूर्ण क्रमापासून. २००३ साली 'जीनोम पूर्ण झाला' असं मीच वर्गात सांगितलं होतं. सुमारे ८ टक्के भाग तेव्हा वाचायचाच राहिला होता, हे आता कळलं. गुणसूत्रांच्या मधल्या सेंट्रोमिअरमध्ये तोच तोच क्रम इतक्या वेळा येतो की जुन्या पद्धतीने मिळणारे छोटे तुकडे नेमके कुठे बसवायचे ते ठरत नसे. लांब तुकडे वाचणारी यंत्रं आली आणि गाडी पुढे सरकली.

अडचण अशी की हाच निबंध दोन ठिकाणी सापडला. मे २०२१ मध्ये बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावर प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांच्या तपासणीआधीच खुला केलेला निबंध, म्हणून आणि मार्च २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात. कुठला वाचायचा? प्रीप्रिंट कोणी तपासलेलाच नसतो म्हणतात, मग तो वाचून माझ्यासारखीने फसायचं नाही कसं? माझा मुलगा गणितात आहे. तो म्हणतो, आमच्याकडे सगळे प्रीप्रिंटच वाचतात. असं कसं चालतं?

प्रतिसाद १

छापलेला मिळत असेल तर तो वाचा, पण प्रीप्रिंटच्या पानावर एकदा डोकवाच. तिथे जुन्या आवृत्त्या तशाच ठेवलेल्या असतात. पहिली आणि शेवटची शेजारी ठेवून पाहिली की तपासनिसांनी कुठे बोट ठेवलं असेल याचा अंदाज येतो.

घाई मात्र नको. जुलै २०२३ मध्ये एलके-९९ हा पदार्थ साध्या तापमानाला अतिवाहक (विजेला अजिबात रोध न करणारा) आहे असा प्रीप्रिंट आला. तीनेक आठवड्यांत ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी तो बनवून पाहिला आणि दावा टिकला नाही. विद्युतरोध जिथे अचानक पडतो असं दिसलं होतं, ते त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडचं काम होतं. ते साधारण १०४ अंश सेल्सिअसला आपली रचना बदलतं.

प्रतिसाद २

बाई, मी नऊ वर्षं प्रयोगशाळेत प्रथिनांवर काम केलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

छापलेला म्हणजे तपासलेला, हे खरं. पण तपासनीस प्रयोग पुन्हा करून बघत नाहीत, समोर ठेवलेलं वाचतात. मी एका प्रथिनाच्या मागे होते. एका नावाजलेल्या निबंधात वेस्टर्न ब्लॉटचं चित्र होतं. यात प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पडद्यावर उतरवतात आणि हवं ते अँटीबॉडीने, म्हणजे त्याला चिकटणाऱ्या प्रथिनाने, शोधतात. प्रत्येक नमुन्याची एक उभी लेन, तीत सापडलेल्या प्रथिनाची रेघ म्हणजे बँड. त्या चित्रात प्रत्येक लेनमध्ये एकच सुबक बँड होता. तीच अँटीबॉडी मागवली. माझ्या ब्लॉटवर चार बँड आले. सहा आठवडे मी चूक स्वतःच्या हातात शोधत होते. ट्रान्सफर (पडद्यावर उतरवणं) बिघडलं असेल, ब्लॉकिंग (पडद्याची मोकळी जागा झाकणं) कमी पडलं असेल, धुणं अपुरं असेल. शेवटी निबंधाच्या पुरवणी फाइलमध्ये न कापलेली मूळ प्रतिमा सापडली. त्यांच्याही ब्लॉटवर चारच बँड होते. मुख्य आकृतीत फक्त हवी तेवढी पट्टी कापून ठेवली होती. ते प्रथिन काढून टाकलेल्या पेशींची लेन, जिथे खरा बँड दिसलाच नसता, कुठेच नव्हती, त्यामुळे चारांतला खरा कोणता हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

तेव्हापासून मी सारांश वाचते आणि सरळ पुरवणी फाइल उघडते. ओपन ॲक्सेसचं खरं मोल मला तिथे वाटतं. निबंध फुकट मिळतो हे झालंच, पण अनेक नियतकालिकं आता न कापलेले ब्लॉट आणि आकडेवारी मागतात, आणि ती तुमच्या-माझ्यासमोर उघडी असते. 'तीन नमुने' लिहिलं असेल तर तीन प्राणी की एकाच प्राण्याच्या पेशी प्लेटच्या तीन खळग्यांत, तेवढं पद्धतीच्या भागात शोधा. यावर सगळं उभं असतं.

'ई-लाइफ' या नियतकालिकाने २०२३ पासून प्रीप्रिंटसोबतच परीक्षणं छापायला सुरुवात केली. पुरावा भक्कम आहे की अपुरा, हे तिथे वरच लिहिलेलं असतं. तुम्हाला सुरुवातीला तिथे बरं पडेल.

अल्फाफोल्ड या प्रथिनांच्या रचनेचं भाकीत करणाऱ्या संगणक प्रणालीची चित्रं बघाल तेव्हा रंगाकडे लक्ष द्या. २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या भाकीत केलेल्या रचना आज कुणालाही खुल्या आहेत. गडद निळा भाग म्हणजे संगणकाला खात्री आहे. नारिंगी लांब दोऱ्यांच्या आकारावर काहीच बांधू नका. तो भाग पेशीत बहुधा ठरावीक घडीतच नसतो.

प्रतिसाद ३

गणितात का चालतं, तर पुरावा निबंधातच असतो. वाचणारा स्वतः तपासू शकतो. १९९१ मध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी आर्काइव्ह हे प्रीप्रिंटचं भांडार सुरू केलं. गणिती पेरेलमन यांनी प्वांकारेच्या अनुमानाची (गणितातल्या एका प्रसिद्ध प्रश्नाची) सिद्धता २००२-०३ मध्ये तिथेच टाकली, नियतकालिकाकडे पाठवलीच नाही. जाणकारांनी ती ओळ न् ओळ तपासली.

तुम्हाला हाताने करून बघण्यासारखं सांगतो. मार्च २०२३ मध्ये 'टोपी' नावाच्या १३ बाजूंच्या आकारावरचा चौघांचा निबंध आर्काइव्हवर आला. हा एकच आकार सगळं प्रतल भरतो, पण नक्षी सरकवून स्वतःवर कधीच बसवता येत नाही. तो प्रथम सापडला त्यांपैकी डेव्हिड स्मिथ यांना, जे व्यवसायाने गणिती नव्हेत. षटकोनी जाळी काढा, प्रत्येक षटकोनाचा मध्य बाजूंच्या मध्यांशी जोडा, सहा पतंग मिळतील. असे शेजारचे ८ पतंग म्हणजे एक टोपी, कोणते ते निबंधातल्या आकृतीवरून घ्या. मी जाड पुठ्ठ्याच्या कापल्या. काही जागी टोपी पालथी केल्याशिवाय बसतच नाही, साधारण सात सुलट्यांमागे एक. पालथी टाइल म्हणजे दुसरा आकारच की, असा आक्षेप लगेच आला. त्याच चौघांनी मे महिन्यात पालथं न करता भरणारा आकार दिला. छापील निबंध २०२४ मध्ये आला, तोवर जगभर लोक टोप्या कापत होते.

प्रश्नकर्ती

रविवारी ४० टोप्या कापल्या. चौथीलाच पालथी करावी लागली! मग पुरवणी फाइलही उघडली. प्रत्येक ब्लॉटखाली 'ॲक्टिन' लिहिलेली आणखी एक पट्टी आहे. ती कशासाठी?

प्रतिसाद २

प्रत्येक लेनमध्ये प्रथिनं सारखीच भरली का, ते दाखवायला. ॲक्टिन बहुतेक पेशींत भरपूर असतं, म्हणून ते पट्टीभर सारखं दिसायला हवं. एका लेनमध्ये ते फिकं आणि वरचा बँडही फिका, तर कदाचित तिथे माल कमी पडला असेल, प्रथिन घटलंच असं नाही. आणि ती पट्टी त्याच पडद्यावरची आहे का, हे न कापलेल्या प्रतिमेत जरूर बघा.