मदत हवी आहे: घरी बनवलेल्या 15 सीसी इंजिनाचा वेग आवरत नाही

खराद्या (धागाकर्ता): पेट्रोलवरचं चार स्ट्रोक, बोर 25, स्ट्रोक 30 मिमी. सुरू झालं की थेट 2500 आरपीएम. मला 800 हवेत. थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण मिटला तरी फरक नाही, कार्ब्युरेटरची नीडल आवळली की बंद पडतं. शनिवारी दाखवायचंय, लवकर सांगा.

पितळी: इनलेट व्हॉल्व्ह कॅमवर उघडणारा की पिस्टनच्या ओढीवर आपोआप? इग्निशन? फ्लायव्हील? आणि नीडल वेगासाठी नसते हो, मिश्रणासाठी असते. आवळली की मिश्रण पातळ, इंजिन मरणारच.

ठोका_चुकला: थ्रॉटल काढा, हिट अँड मिस करा, म्हणजे वेग जास्त झाला की ठोके चुकवत चालणारं. वेग वाढला की फ्लायव्हीलवरची वजनं बाहेर फेकली जातात, खिट्टी पुशरॉडला (एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्याला) अडकते, एक्झॉस्ट उघडाच राहतो. मग सिलिंडरात ओढ नाही, इनलेट मिटलेला. वेग उतरला की खिट्टी सुटते. 400 वर सुद्धा चालेल.

खराद्या: इनलेट कॅमवर. इग्निशनला हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा), टायमिंग 15 अंश आधी, म्हणजे पिस्टन वर पोचण्याआधी ठिणगी. फ्लायव्हील एकच, 75 मिमी, ॲल्युमिनियम.

पितळी: @ठोका_चुकला, बोंबला. कॅमवरचा इनलेट दर खेपेला उघडणार, पेट्रोल सरळ सायलेन्सरात.

ठोका_चुकला: मग ओढीचा बसवा. स्प्रिंग फार मऊ नको, नाहीतर मिसच्या खेपेलाही व्हॉल्व्ह उघडतो.

पितळी: शनिवारपर्यंत?

सर्किटवाला: थ्रॉटल फिरवायला 9 ग्रॅमचा सर्व्हो (छोटी मोटर), आर्डुइनो बोर्ड, त्यावर पीआयडी (वेग मोजून आपोआप सुधारणारा प्रोग्राम). सेन्सर आहेच.

पितळी: थ्रॉटल मिटून जे ऐकत नाही ते सर्व्होचं ऐकेल?

तेलकट: पेट्रोलमध्ये 20 टक्के एरंडेल घाला, पिस्टन टिकेल.

ठोका_चुकला: ते मिथेनॉलवरच्या ग्लो इंजिनांना (ठिणगीऐवजी तापलेल्या तारेवर पेटणाऱ्या). पेट्रोलमध्ये एरंडेल नीट मिसळत नाही. आणि विचारलंय कोणी?

मळेकरी: विहिरीवरचं डिझेल इंजिनही असंच पुक-पुक करायचं ना?

ठोका_चुकला: नाही. तिथला गव्हर्नर (वेग आवरणारी यंत्रणा) पंपाचं डिझेल कमी-जास्त करतो, ठोका चुकवत नाही.

पितळी: मूळ प्रश्नावर या. थ्रॉटल मिटूनही पळतंय म्हणजे त्याच्या पुढून हवा शिरतेय. इंजिन चालू ठेवून इनलेटच्या फ्लँजवर आणि व्हॉल्व्ह गाईडवर (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) ब्रशने जाड तेल लावा, प्लगपासून लांब. जिथे लावल्यावर वेग बदलेल तिथे गळती. फ्लँज काचेवर 400 च्या पॉलिश पेपरने घासा, 0.5 मिमी कागदी गॅस्केट घाला. आणि 15 अंश मोजले कुठे?

खराद्या: कॅमच्या चकतीवर.

पितळी: म्हणजे क्रँकवर 30! कॅम अर्ध्या वेगाने फिरतो. 800 ला क्रँकवर 10 पुरे, कॅमवर 5. त्याहून फार मागे नेऊ नका, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लाल होतो.

खराद्या: फ्लँजच होती. गॅस्केट घातलं, टायमिंग कॅमवर 5 केलं. आता थ्रॉटल ऐकतो, पण 1300 च्या खाली कॉम्प्रेशनला अडकून थांबतं.

पितळी: ॲल्युमिनियम हलकं पडतंय. बिडाचं करा, वजन कडेला ठेवा, मधे आऱ्या. आत्ता घाई असेल तर त्याच फ्लायव्हीलच्या कडेवर पितळी कडं गरम करून चढवा, कड्याचं भोक 0.05 मिमी लहान ठेवून.

सर्किटवाला: पीआयडीने पण झालं असतं.