चोर्ल्याची पहाट आणि सप्टेंबरातलं मनाली–लेह: थंडीसाठी कपडे कसे करायचे?

म्हापसेकर

मंडळी, प्रश्न गोव्यातून आलाय म्हणून नवल वाटेल, पण तो थंडीचाच आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाचला साखळीहून सायकलने निघायचं, केरीवरून चोर्ला घाट चढायचा आणि उजाडल्यावर उतरायचं, असा नेम आहे. चढताना बनियन पिळून काढावं इतका घाम येतो आणि उतरताना हुडहुडी भरते. बोटं बधिर होतात, ब्रेक किती दाबला गेला तेच कळत नाही. सध्या अंगात सुती बनियन, त्यावर जर्सी, त्यावर पावसाळ्यातलं जर्किन; खाली हाफ पॅन्ट, जाळीचे बूट, साधे मोजे.

यंदा सप्टेंबरात मनाली–लेह सायकलनेच करायचं आहे. दोन्हींना वेगळे कपडे लागतील की एकाच संचात भागेल? इथून काय घ्यावं, मनालीत काय घ्यावं? जाणकारांनी जरा नेमकं सांगावं.

सत्तरीकर

आधी चोर्ल्याचं बोलू. तुमचा त्रास थंडीचा कमी आणि घामाचा जास्त आहे. जानेवारीच्या पहाटे केरीला १८ अंशांच्या आसपास तापमान असतं. एवढ्यात कोरड्या अंगाला हुडहुडी भरत नाही. ओल्या सुती बनियनवर ताशी ४० किमीचा वारा लागला की मात्र भरते. घाम वाळताना अंगातली ऊब घेऊन जातो, सुती कापड तो घाम सोडत नाही, आणि उतारावर पाय चालत नसल्याने नवी ऊब तयार होत नाही.

म्हणून पहिलं काम, बनियन बदला. पातळ पॉलिस्टरचं, अंगाला चिकटून बसणारं घ्या. ढिलं असेल तर काही उपयोग नाही, कापड कातडीला टेकलं तरच घाम ओढून घेतं. सायकलच्या कपड्यांत जाळीची बिनबाह्यांची बनियनं मिळतात, आपल्या दमट हवेला तीच उत्तम. मेरिनो लोकरीचं महाग पडतं आणि चोर्ल्यासाठी त्याची गरज नाही. लेहला जाताना १५० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाच्या कापडाची) पूर्ण बाह्यांची एक जोडी जरूर घ्या. ओली झाली तरी ती थोडी ऊब देते, आणि सलग काही दिवस घातली तरी वास मारत नाही.

दुसरं, ते जर्किन चढताना अंगावर नकोच. पावसाळी कापडातून वाफ बाहेर पडत नाही, आतल्या बाजूने पाणी धरतं आणि पाऊस नसतानाही तुम्ही भिजता. चढाला जिलेट घ्या, म्हणजे समोरून वारा अडवणारं आणि पाठीला जाळी असलेलं बिनबाह्यांचं जाकीट. वजन शंभरेक ग्रॅम, घडी करून जर्सीच्या मागच्या खिशात बसतं. सोबत आर्म वॉर्मर आणि नी वॉर्मर, म्हणजे हातांवर आणि गुडघ्यांवर चढवायच्या सुट्या बाह्या. गुडघ्यावर मांस नाही, वारा थेट सांध्याला लागतो. १५ अंशांखाली गुडघे झाकायचेच, आणि लांब उतार असेल तर १८ लाही.

कपड्यांपेक्षा क्रम महत्त्वाचा. साखळीहून निघताना थोडं गारच वाटलं पाहिजे. निघतानाच ऊबदार वाटत असेल तर कपडे जास्त झाले. केरीपर्यंत जिलेटची चेन बंद, बाह्या वर. चढ सुरू होण्याआधी एक पाय टेकून चेन पूर्ण उघडा आणि बाह्या मनगटावर ढकला. घाम फुटल्यावर उघडलं तर उशीर झालेला असतो. माथ्यावर पोचलात की उलटं करा, आणि अंग गरम आहे तोवर पहिल्या दोन-तीन मिनिटांत करा. ओलं बनियन काढून कोरडं घाला (प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्या, नाहीतर पाठीच्या घामाने तेही भिजतं), मग जर्सी, बाह्या, जिलेट आणि सगळ्यांत वर जर्किन. जर्किनाचं खरं काम इथे आहे. फोटो आणि चहा त्यानंतर.

एक बारकावा सांगतो. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, हे गणित निरभ्र पहाटे आपल्या घाटात चालेलच असं नाही. रात्री गार झालेली जड हवा अंजुणे-केरीच्या खोऱ्यात साठते, धुकं तिथेच असतं. मधल्या वळणांवर हवा उबदार लागते आणि माथ्यावर मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा बोचतो. म्हणजे उतरताना तळाशी आल्यावर गारवा पुन्हा वाढतो. अर्ध्या घाटात ऊन दिसलं म्हणून जर्किन काढू नका. झाडीखालच्या वळणांवर दंवाने डांबर ओलं असतं, तिथे पुढचा ब्रेक वळणाआधीच लावून मोकळा करा. धुक्यात दिवा जमिनीकडे झुकवा. सरळ ठेवलात तर उजेड धुक्यावरून परत डोळ्यांत येतो.

घाटवाट

सत्तरीकरांचा क्रम लेहलाही तसाच लागू आहे, फक्त थर वाढतात. आकडे समजून घ्या. हवा ५ अंश असताना ताशी ३० किमीने उतरलात तर उघड्या कातडीला शून्य अंशाइतकं लागतं. शून्य अंशात ४० ने उतरलात तर उणे सात. वाटेतल्या खिंडींपैकी बारालाचा साधारण ४,८९० मीटरवर आहे आणि तांगलांग ला ५,३२८ वर. तिथून खाली येताना तासभर पाय रिकामे असतात. वाटेतल्या सरचूच्या मुक्कामाला सप्टेंबरात रात्री पारा शून्याखाली उतरू शकतो, त्यामुळे सकाळी लवकर निघालात तर सगळ्यांत गार वेळ सायकलवरच जाते. ऊन अंगावर आल्यावर निघा.

बोटांबद्दल. छाती-पोट गार पडायला लागलं की शरीर आधी हातापायांचं रक्त आवरतं घेतं. म्हणून बोटं गारठत असतील तर पोट, छाती आणि मान आधी झाका; नुसते जाड हातमोजे घेऊन भागणार नाही. गळ्याला बफ (नळीसारखं ताणणारं कापड), हेल्मेटखाली कान झाकणारी पातळ टोपी. जाड कानटोपी घातली तर हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही, पट्टा सैल करावा लागतो आणि पडल्यावर ते सरकतं. हे करू नका.

हाताला दोन थर करा. आत पातळ लोकरीचे किंवा फ्लीसचे, वर वारा-पाणी अडवणारे एक माप मोठे. वरचे घट्ट असतील तर आतली हवा दबते आणि रक्तही. कडाक्याच्या उतारावर दोन-दोन बोटं एकत्र ठेवणारे, खेकड्याच्या नांगीसारखे हातमोजे अधिक उबदार, ब्रेकही दाबता येतो. तातडीची सोय म्हणून भांडी घासायचे रबरी हातमोजे आणि पातळ नायट्राइलच्या (दवाखान्यात वापरतात तसल्या हातमोज्यांच्या) दोन जोड्या बॅगेत असू द्या. नायट्राइल अगदी आत, त्यावर लोकर, पाऊस आला तर त्यावर रबरी. आत घाम साचतो खरा, पण तासाभराच्या उतारापुरता तो चालतो, वारा लागत नाही ना.

पायांसाठी एक लोकरीचा मोजा, बुटावरून वारा अडवणारे शू कव्हर. क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट असतील तर तळातल्या भोकांतून गार हवा शिरते, आतून सोलखाली चिकटपट्टी लावून ती बुजवा. दोन मोजे घातले तर अधिक चांगलं.

कुठून काय घ्यायचं: अंगाला चिकटणारे थर, वॉर्मर, जिलेट आणि आतले हातमोजे गोव्यातून घ्या किंवा मागवा, कारण ते सायकलवर बसून तपासावे लागतात. जाड फ्लीस, लोकरी टोपी, तंबूत घालायचे जाड मोजे मनालीच्या बाजारात भरपूर मिळतात. पिसांचं जाकीट फक्त मुक्कामासाठी. ते घालून चढलात तर घामाने पिसं बसतात आणि रात्री तेच जाकीट निरुपयोगी होतं.

म्हापसेकर

मनापासून आभार, बरंच स्पष्ट झालं. अजून थोडं: छातीवर वर्तमानपत्र ठेवतात म्हणे, त्याने खरंच फरक पडतो का? आणि पाण्यातून सायकल न्यावी लागते तिथे पाय भिजले तर काय करायचं? ग्रुपमधले काहीजण फेणीचा चपटा न्यायचा म्हणताहेत.

काणकोणची_सायकलवाली

वर्तमानपत्राने पडतो. युरोपातले शर्यतीचे सायकलपटू उताराआधी तेच करत आले आहेत. चार-पाच पानं दुमडून जर्सीच्या आत, बनियनच्या वर, गळ्यापासून पोटापर्यंत. कागद वारा अडवतो आणि थोडा घामही शोषतो. उतार संपला की काढून टाका, ओला कागद गार पडतो. चोर्ल्यालाही चालेल.

घाटवाट, दोन मोज्यांबद्दल मात्र असहमत. सायकलचे बूट आधीच अंगासरशी असतात. त्यात दुसरा मोजा कोंबला की बोटं हलत नाहीत, रक्त अडतं आणि पाय अधिकच गारठतात. दोन मोजे घालायचे तर बूट एक माप मोठा हवा, नाहीतर एकच पण चांगला. बुटात बोटं वर-खाली हलवता आली पाहिजेत, हीच कसोटी.

नाल्यांचं पाणी बर्फ वितळून येतं. सकाळी ते कमी असतं, दुपारनंतर वाढतं, त्यामुळे मोठे नाले दुपारच्या आत ओलांडायचे असा दिवस आखा. काठावर बूट-मोजे काढून सँडल घाला. अनवाणी उतरू नका, दगड दिसत नाहीत आणि बधिर तळव्याला जखम झालेली कळत नाही. पलीकडे गेल्यावर बोटांच्या बेचक्यांसकट पाय कोरडे पुसून मगच मोजे. पुसायला पातळ पंचा पुरतो, टर्किश टॉवेल वाळत नाही. बूट भिजलेच तर कोरड्या मोज्यावर प्लास्टिकची पिशवी, मग बूट.

फेणी नको. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर जाते आणि थरथर मंदावते. उंचीवर झोप आणि श्वासही बिघडतो. थर्मासमध्ये साखर घातलेला कषाय (काढा) न्या, किंवा मीठ घालून पातळ पेज. समुद्राकाठच्या माणसाला तिथली कोरडी हवा घशाला लागते, तहान मात्र लागत नाही. तासाला अर्धा लिटरच्या हिशेबाने पीत राहा, आणि खोकला सुरू झाला तर तोंडावर बफ ओढून त्यातून श्वास घ्या.

आणि हे सगळ्या ग्रुपला वाचून दाखवा. अंगठा करंगळीच्या टोकाला टेकवता येईना, जीभ जड झाली, चालताना झोक जायला लागला, तर तो माणूस सायकलवर बसणार नाही. वाऱ्यापासून आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरडे घाला, जमिनीवर बसवू नका, खाली चटई घाला. शुद्धीत असेल तर गोड गरम पेय द्या. बोटं चोळू नका, शेकोटीवर धरू नका. बधिर कातडी भाजलेली कळत नाही. काखेत धरायला सांगा. थरथरणारा माणूस अचानक शांत झाला तर तो बरा झाला असं समजू नका, ते बिघडल्याचं लक्षण आहे. झोक जाणं आणि गोंधळणं विरळ हवेच्या त्रासातही दिसतं, म्हणून तिथे वाट न पाहता गाडी करून खाली न्यायचं.

फोंडेकर

सायकलचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

थरथरत उतरताना हातांची थरथर हँडलमध्ये जाते आणि ठराविक वेगाला पुढचं चाक डगमगू लागतं. सामान लादलेली सायकल असेल तर जास्तच. घाबरून हँडल आवळलंत की वाढतं. एक गुडघा वरच्या दांडीला घट्ट टेकवा, वजन सीटवरून थोडं उचला, पकड हलकी करा आणि मागचा ब्रेक हळूहळू लावा. थांबल्यावर अंगात एक थर वाढवूनच पुढे जा. लांब उतारावर अधूनमधून मागचा ब्रेक हलका धरून पेडल मारत राहिलात तर पाय गरम राहतात.

गोव्यात ३० अंशांत ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला टायर शून्य अंशात साधारण ५२-५३ दाखवेल. पण बारालाच्याच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो, त्यामुळे गेजवरचा आकडा पुन्हा वर येतो आणि दोन्ही जवळजवळ फिटतात. मनालीत भरा, रोज सकाळी अंगठ्याने दाबून पाहा, एवढं पुरे.

सीटवर बसताना मांड्या घासू नयेत म्हणून खोबरेल लावायची सवय असेल तर तिथे ते चालणार नाही, २४ अंशांखाली थिजतं. व्हॅसलीन न्या. सायकलच्या चेनला आपण पावसाळ्यात लावतो ते चिकट ऑइल लडाखच्या धुळीत वाटणाच्या पाट्यासारखं चेन झिजवतं, मेणाचं किंवा कोरडं ल्युब घ्या. दिवे, फोन आणि पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा, गारठ्यात बॅटरी लवकर उतरते. पाण्याची बाटली तंबूत उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, म्हणजे तो बुडाशी राहील आणि सकाळी तोंड मोकळं मिळेल.

शेवटचं. घेतलेले हातमोजे चोर्ल्याच्या माथ्यावर घालूनच पुढची कामं करून पाहा: जिलेटची चेन लावणं, हेल्मेटचा पट्टा उघडणं, गिअर बदलणं, टायरच्या व्हॉल्व्हची टोपी काढणं, चिक्कीचं पाकीट फाडणं. जे जमलं नाही, त्याचा उपाय निघायच्या आधी करा. जिलेटच्या चेनच्या टोकाला बोटभर दोरीची गाठ मारा, चिक्की सुटी करून डब्यात भरा, व्हॉल्व्हच्या टोप्या घरीच ठेवा.