भाच्याला गलाईच्या दुकानात पाठवायचंय. नेमकं काय काम असतं आणि आधी काय शिकावं?

खानापूरकर_मामा:
भाचा १९ वर्षांचा, बारावी कॉमर्स. विट्याजवळचं गाव. भावकीतल्या एकांचं केरळात त्रिशूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं दुकान आहे, ते दिवाळीनंतर घेऊन जातो म्हणालेत. आमच्या घरात आजवर कुणी या धंद्यात गेलेलं नाही, शेती आणि यंत्रमाग एवढंच माहीत. विचारायचं ते असं : दिवसभर नेमकं काय करतात? ॲसिडचं काम तब्येतीला कितपत वाईट? आणि आता सगळीकडे टंच (सोन्याची शुद्धता) काढायच्या मशिनी आल्यात, तर हा धंदा शिकण्यात अर्थ उरलाय का? ज्यांना आतलं माहीत आहे त्यांनीच लिहा, ‘सोन्याचा धंदा, मुलगा सोन्यात लोळेल’ वगैरे नको.

मूस_चिमटा:
मामा, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सोनं वितळवायचं काम आहे. वितळवणं पंधरा दिवसांत येतं. खरं काम वजनाचं. आलेला माल किती, आटल्यावर (वितळल्यावर) किती, मधलं कुठं गेलं, हे गिऱ्हाइकाला आणि मालकाला दोघांनाही दाखवता आलं पाहिजे. म्हणून चांगल्या दुकानात नव्या पोराला आधी काट्यावर बसवतात, मग भट्टीवर, आणि ॲसिडला सगळ्यात शेवटी. पहिल्याच आठवड्यात ॲसिडच्या बीकरसमोर उभं करणारं दुकान असेल तर मुलाला परत बोलवा.

काट्यावर काय शिकायचं? १ मिलिग्रॅम दाखवणारा काटा, पंखा बंद, झाकण लावून, शून्य बघून वजन. मोडीचा, म्हणजे आटवायला आणलेला जुना दागिना आला की गिऱ्हाइकासमोर आहे तसं एकदा वजन. मग खडे, काळे मणी, दोरा, मेण काढून दुसरं वजन. साखळीच्या कडीत लोखंडी स्प्रिंग असते, ती चुंबक फिरवून काढायची. पोकळ दागिन्यात लाख असते. आपल्याकडच्या कोल्हापुरी साजाची पानंच बघा, आत लाख भरलेली असते आणि मुशीत (वितळवायच्या भांड्यात) ती जळून जाते. ही वजनं वेगवेगळी लिहिली नाहीत तर आटल्यावर घट दिसते आणि गिऱ्हाईक चोर म्हणतं. चोरी झालेली नसते, लाख जळालेली असते.

आता भट्टी. नवी मूस थेट मालाला वापरायची नाही. आधी रिकामी मंद तापवून ओल घालवायची, मग लाल झाल्यावर आत टाकणखार (बोरॅक्स) टाकून फिरवायचा, म्हणजे आतून काचेसारखा लेप बसतो. हे नाही केलं तर मुशीच्या छिद्रांत सोन्याचे बारीक मणी अडकून राहतात. सोन्याची मूस वेगळी, चांदीची वेगळी. सोनं १०६४ अंशाला वितळतं, चांदी ९६२ ला, तांबं १०८५ ला. त्यामुळे नुसतं पातळ दिसलं म्हणून ओतायचं नाही. आरशासारखं फिरायला लागलं की ग्रॅफाइटच्या कांडीनं ढवळायचं. लोखंडी सळई घालू नये, लोखंड मालात उतरतं.

ओतायचा साचा कोमट केलेला आणि तेलाचं बोट फिरवलेला हवा. थंड, दमट साच्यात ओतलं की खालच्या पाण्याची वाफ होते आणि सोनं अंगावर उडतं. पावसाळ्यात नवी पोरं भाजतात ती बहुतेक अशीच. टाकणखार चिमूटभरच. जास्त झाला की वर येणारी मळी घट्ट होते आणि मणी तिच्यातच राहतात. म्हणून मळी फेकायची नसते, कुटून ठेवायची. दुकानातला केर, मुशीचे तुकडे, हात धुतलेलं पाणीसुद्धा ठेवतात. केर धुऊन सोनं काढणाऱ्या झारेकऱ्यांचं पोट याच केरावर चालत आलंय.

अजून एक. कधीकधी लगड (ओतलेली कांडी) हातोडीखाली चिरते. कथील किंवा शिसं मिसळलेलं असतं, बहुतेक वेळा झाळीतून (दागिना जोडायच्या डागातून) आलेलं. मग परत आटवून टाकणखारासोबत थोडा शोरा (पोटॅशियम नायट्रेट) टाकतात, हलक्या प्रतीचे धातू जळून मळीत जातात. पण शोरा ग्रॅफाइटच्या मुशीत टाकायचा नाही. तो मूसच खातो आणि भडकतो. त्याला मातीची मूस लागते.

टंचवाला_४५:
मशिनीचं मी सांगतो, कारण अर्धवट माहितीवर पोरं फसतात. एक्सआरएफ मशिन (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) दागिन्याच्या फक्त वरच्या पातळ थराचं वाचन करतं. वर जाड मुलामा असेल तर आकडा मुलाम्याचा येतो. म्हणून आधी आटवायचं, लगडीचा कोपरा कानशीनं घासायचा, वरखाली तीन जागी वाचायचं. तीन आकडे जुळले नाहीत तर माल नीट ढवळला गेला नाही, परत आटवा. आकड्यात ०.३ टक्क्याचा फरक म्हणजे १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅम चोख सोनं. आजच्या भावानं किती होतं ते तुम्हीच काढा.

कसोटीचा दगड अजून गेलेला नाही. दगडावर मालाची रेघ, शेजारी माहितीच्या सोन्याच्या काडीची रेघ, दोन्हींवर ॲसिडचा थेंब. कोणती आधी फिकट होते ते बघायचं. मशिनला लाईट लागते, दगडाला डोळा लागतो, आणि तो डोळा तयार व्हायला वर्ष जातं.

हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी एचयूआयडीशिवाय (दागिन्यावरच्या ओळख क्रमांकाशिवाय) दागिना विकता येत नाही. म्हणून गलाई बंद पडेल असं काही जण म्हणतात. उलट आहे. घराघरांतलं जुनं सोनं त्याच्या आधीचं. ९१६ (हजारात ९१६ भाग सोनं) सांगून घेतलेल्या दागिन्यात झाळच एवढी असते की आटल्यावर ८८०, ८९० निघतं. पन्नास वर्षांच्या मोडीचा टंच आटवल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

एक धोका नवीन आहे. सोन्यात रुथेनियम, इरिडियम मिसळून वजन वाढवतात. हे धातू आपल्या भट्टीच्या तापमानाला वितळतच नाहीत, काळ्या कणांसारखे आत बसतात. नुसत्या तेजाबानं (नायट्रिक ॲसिडनं) सोनं काढलं तरी ते सोन्याबरोबरच येतात. मशिनच्या यादीत हे दोन धातू चालू आहेत का, हे पोरानं पहिल्या दिवशी विचारावं.

विट्याचा_पाहुणा:
@टंचवाला_४५ मशिन असेल तर दगडाची काय गरज? आमच्याकडे दोन वर्षांपासून दगड कपाटात आहे. अडलं नाही.

टंचवाला_४५:
अडत नाही तोवर अडत नाही. मशिनचं कॅलिब्रेशन सरकलं की सगळा दिवस चुकीचा जातो, आणि ते कळायला दुसरं काहीतरी हाताशी लागतं. रोज सकाळी टंच माहीत असलेला तुकडा वाचून बघता का? नसाल तर दगड बाहेर काढा.

शोरा_तेजाब:
ॲसिडचं राहिलं, ते लिहितो. मिसळीचं सोनं नुसतं नायट्रिकमध्ये टाकलं तर काही होत नाही. सोनं चांदीला आत धरून ठेवतं, ॲसिड पोचतच नाही. म्हणून आधी चांदी वाढवायची. एकूण मालात सोनं चौथा हिस्सा राहील इतकी.

उदाहरण घ्या. १०० ग्रॅम, टंच ९१६. चोख सोनं ९१.६ ग्रॅम. त्याच्या चौपट ३६६.४. म्हणजे २६६.४ ग्रॅम चांदी घालून आटवायचं. सोनं याहून जास्त राहिलं तर आत चांदी अडकते आणि टंच ९९ टक्क्यांच्या पुढं सरकत नाही. फारच कमी राहिलं तर उरलेल्या सोन्याचा भुगा होतो आणि धुताना वाहून जातो.

आटलेला माल ढवळत असलेल्या पाण्यात उंचावरून बारीक धारेनं ओतायचा, म्हणजे दाणे पडतात. मुशीतून ॲसिडमध्ये सरळ कधीच नाही. दाणे कोरडे करून काचेच्या बीकरमध्ये, नायट्रिक आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं अर्धं. वरच्या मालाला साधारण ४०० मिली कडक नायट्रिक लागतं. एकदम ओतायचं नाही, थोडं थोडं. तांबडा धूर निघतो, पाणी निळसर-हिरवं होतं, ते तांब्याचं. धूर थांबला की निवळ पाणी काढून घ्यायचं, दुसऱ्यांदा जरा कडक ॲसिडमध्ये उकळायचं. खाली तपकिरी चुरा राहतो, तोच सोनं. नव्या पोराला तो गाळ वाटतो. गरम डिस्टिल्ड पाण्यानं पाच-सहा वेळा धुवायचा, वाळवायचा, टाकणखारासोबत आटवायचा, तेव्हा पिवळा दिसतो.

बोअरचं पाणी वापरू नका. त्यात क्षार असतात, चांदी पांढरी फुटते आणि सोन्यावर बसते.

काढून घेतलेल्या पाण्यात चांदी आहे. त्यात तांब्याच्या पट्ट्या टाकल्या की चांदी कापसासारखी खाली बसते. १ ग्रॅम तांब्याला सुमारे ३.४ ग्रॅम चांदी सुटते, म्हणजे वरच्या मालाला ८० ग्रॅमच्या आसपास तांबं जातं. संपलं का बघायला निवळ पाण्याचा थेंब मिठाच्या पाण्यात टाका. पांढरं झालं तर अजून चांदी आहे. ही चांदी पुढच्या मालाला परत वापरतात, त्यामुळे घातलेली २६६ ग्रॅम वाया जात नाही, फिरत राहते. नव्या माणसाला हिशोबात हेच पटकन कळत नाही.

आटपाडीची_लेक:
वरचं सगळं बरोबर आहे, पण तब्येतीचा प्रश्न मागेच राहिला. तो तांबडा धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा. तो ओढला की लगेच थोडा खोकला येतो आणि बसतो. माणूस जेवून झोपतो. मग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुफ्फुसात पाणी होऊन धाप लागते. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ यावर विश्वास ठेवायचा नाही. जास्त धूर गेला असेल तर त्याच वेळी दवाखाना, आणि डॉक्टरांना धूर कशाचा ते सांगायचं.

मुलाला पाठवण्याआधी दुकानात एवढंच बघा : धूर ओढणारी पेटी आणि पंखा आहे का, की बीकर खिडकीत ठेवून काम चालतं? रुमाल बांधून हा धूर अडत नाही. केडीएमचा (कॅडमियमची झाळ असलेला) जुना माल आटवताना कॅडमियमची वाफ होते, ती डोळ्यालाही नीट दिसत नाही. भट्टीवरसुद्धा पंखा हवाच.

नायट्रिक सांडलं तर चिंधी किंवा लाकडाचा भुसा टाकायचा नाही, पेट घेऊ शकतो. भरपूर पाणी, मग सोडा. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली, आणि तसंच दवाखान्यात. आणि कुणी चांदीच्या पांढऱ्या साक्यावर (मिठानं खाली बसलेल्या गाळावर) अमोनिया ओतून ठेवत असेल तर त्याला थांबवा. ते वाळून त्याचा स्फोट होतो. निळं पाणी गटारात सोडायचं नाही, चुन्यानं मारून साका वेगळा द्यायचा.

खानापूरकर_मामा:
खूप उपयोग झाला सगळ्यांचा. पगाराचं आणि बोलणी करायचं कसं? भावकीतले आहेत, स्पष्ट विचारलं तर राग येईल.

मूस_चिमटा:
राग आत्ता येऊ दे, नंतरचा वाईट. चार गोष्टी कागदावर घ्या : राहणं-जेवण कुणाकडे, महिन्याचा पगार किती आणि तो कुणाच्या हातात, गावी यायला सुट्टी कधी, आणि घट गेली तर ती कुणाची. ही शेवटची फार महत्त्वाची. घट पोराच्या पगारातून कापायची असेल तर किती मिलिग्रॅमपर्यंत नेहमीची मानायची ते आधी ठरवा. नाहीतर दोन वर्षांनी त्याच्या नावावर सोन्याची बाकी निघते, आणि भावकीत ती फिटत नाही.

दुसरं, चोरीचा माल. परराज्यात गलाईवाल्याला सगळ्यात जास्त भीती याचीच. माणूस तोंडओळखीचा, दागिना आटवून गेला, महिन्यानं पोलीस दारात. भारतीय न्याय संहितेत चोरीची मालमत्ता जाणूनबुजून घेणं कलम ३१७ मध्ये येतं. आपण जाणून घेतलं नाही हे सांगायला वहीच लागते. प्रत्येक मालाला नाव, ओळखपत्राची प्रत, दागिन्याचा आटवण्याआधीचा फोटो, वजन, टंच. २ लाखांच्या वरच्या व्यवहाराला पॅन. भाचा कॉमर्सचा आहे, ही वही त्याच्याकडेच द्यायला सांगा. ॲसिडपेक्षा लवकर उपयोगाला येईल.

विट्याचा_पाहुणा:
काट्याचं मुद्रांकन (सरकारी तपासणी आणि शिक्का) दरवर्षी करून घ्यायचं असतं, ती तारीखही त्याच वहीत लिहायला सांगा. तपासणीला आलेले आधी तेच मागतात.

खानापूरकर_मामा:
दुकानातल्या पंख्याचं आणि घटीचं उद्याच फोनवर विचारतो. भाषेचं काय? त्याला मल्याळम येत नाही.

टंचवाला_४५:
बोलायला सहा महिन्यांत शिकेल. त्याआधी माप शिकवा. तिकडं गिऱ्हाईक तोळ्यात बोलत नाही, पवनमध्ये बोलतं. १ पवन म्हणजे ८ ग्रॅम. आपल्याकडं बाजारात तोळा १० ग्रॅमचा धरतात, जुना तोळा ११.६६४ चा. ‘पाच पवन’ ऐकून पोरानं ५० ग्रॅम लिहिले तर पहिल्याच दिवशी १० ग्रॅमची घट दुकानाच्या नावावर.